बिनरंगाची जागा

दौंडला रेल्वेच्या वसाहतीपलीकडे, भीमेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक लोखंडी फाटक होते. त्याचा रंग तांबडा होता. पुलांना गंज लागू नये म्हणून रेल्वे जो रंग देते, तोच. वरच्या बिजागरीजवळ मात्र तळहाताएवढी जागा बिनरंगाची होती आणि तेवढ्याच जागी लोखंड गंजले होते. नवखा माणूस फाटकाशी थांबला की त्याची नजर आधी तिथे जाई. घरमालक अंगणात असले तर त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगत, "राहिलेली नाही ती. ठेवलेली आहे."

त्यांना आधीपासून ओळखणाऱ्यांना या उत्तराचे नवल वाटे. रंगाविना राहिलेले दुसरे लोखंड त्या घरात शोधून सापडले नसते.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे आणि मुलींच्या शाळेत विज्ञान व गणित शिकवीत असे. सारी आळी त्यांना आप्पा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. ते मला बाई म्हणत. ते मूळचे शिरूरच्या ख्रिस्ती वस्तीतले. रेल्वेच्या डब्यांतील दिवे आणि पंखे सांभाळणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्या काळी डब्याच्या पोटाखाली, चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनामो असे आणि शेजारी बॅटऱ्यांची पेटी. गाडी धावू लागली की दिव्यांना वीज डायनामो पुरवी; थांबली की बॅटऱ्या. आप्पांनी हे मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितले. तेव्हा माझी वळकटी अजून टांग्यात होती.

नाताळ जवळ आला की ते रंगाचा डबा उघडत. फाटक, खिडक्यांचे गज, बादल्या, खाटेचे पाय, शिलाई यंत्राचे पायडल, सगळे तांबडे होई. एका वर्षी मावशींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, शेगडीला त्यांनी रंग दिला आणि भाकरीला कितीतरी दिवस त्याचा वास येत राहिला. दुसऱ्या वर्षी मी शाळेतून परतले तो माझी ट्रंक अंगणात वाळत पडलेली.

"आप्पा, माझी ट्रंक काळी होती."

"काळी नव्हती बाई. गंजायच्या वाटेवर होती."

"ह्यांचं असंच हाय," मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या. "मी एका जागी जरा येळ उभी ऱ्हायले तर मलाबी फासतील."

"तू गंजणारी न्हाईस," आप्पा डबा ढवळत म्हणाले.

"व्हय, नुसती झिजणारी."

त्यांची दुसरी खोड अशी, की घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला ते विचारीत, "परतीची वाट कोणती?" आपल्याकडे निघताना माणूस 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. आप्पांना शुभाशुभाशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या लेखी हा विजेचा नियम होता. वीज बॅटरीतून निघते, हे पोराटोरांना माहीत असते. ती फिरून बॅटरीत यावी लागते, हे ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याने दिवा लावायला जाऊ नये, असे ते म्हणत. मीही हा पाठ मुलींना शिकवला होता. पण पाठ शिकवणे आणि त्यानुसार पोस्टमनला अडवणे, यांत अंतर आहे. खुटबावहून भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या मामींनाही त्यांनी हाच प्रश्न केला होता.

"वाट कोणची असंल आप्पा?" मामी म्हणाल्या. "आले त्याच वाटंनं जाईन. टोपली तेवढी हलकी करा."

आप्पांनी मेथीच्या सगळ्या जुड्या घेतल्या. उत्तर बिनचूक आले की ते खूश होत.

एखादी जोडणी चालेनाशी झाली आणि दोष सापडेना, की ते माणसे गोळा करीत. अंगणात एकाला बॅटरी म्हणून उभे करायचे, एकाला तार, एकाला स्विच, आणि एक खडा हातोहात फिरवायचा. खडा म्हणजे वीज. तो जिथे अडेल तिथे दोष. चर्चचा कर्णा बंद पडला तेव्हा त्यांनी खुद्द पाळकसाहेबांना स्विच केले होते आणि 'बंद' असताना बोलायचे नाही, अशी ताकीदही दिली होती. पाळकांनी ती पाळली.

तिसरी गोष्ट रविवारची. रविवारी आप्पा हत्याराला हात लावीत नसत. रविवारी थांबलेले घड्याळ सोमवारपर्यंत थांबलेलेच राही. "हात विसावले पाहिजेत," ते म्हणत. "डोक्याला रविवार नसतो."

ज्या प्रसंगाने त्या फाटकावर कोरी जागा आली, त्यात या तिन्ही खोडी एकमेकींना येऊन भिडल्या.

त्यांची एकुलती मुलगी मार्था शिरूरच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होती. दवाखान्याकडे लष्कराच्या मोडीतून घेतलेली जुनी जीप होती आणि तिच्यावर वरवंडचा बबन नावाचा ड्रायव्हर. आठवड्यातून काही दिवस मार्था या जीपमधून आडगावांना जाई; लहान मुलांना टोचणे, बाळंतिणींना पाहणे, अशी कामे. उन्हाळ्यात जीप कुठेही जाई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांवर चारही चाके फिरूनही ती आसापर्यंत रुतून बसे. त्या वर्षी भाद्रपदात ती अशीच रुतली. बैलजोड्या मिळवून तिला बाहेर काढीपर्यंत दिवस गेला. ज्या बाळंतिणीकडे ते निघाले होते ती वाचली. मूल वाचले नाही.

मोठ्या डॉक्टरांनी ठरवले, की जीप विकून टाकायची, फेऱ्या बंद करायच्या आणि मार्थाने दवाखान्यातच काम करायचे. मावशींना हा निर्णय मनापासून पटला. मार्थाला पटला नाही. ती जीप घेऊन थेट दौंडला आली.

"आप्पा, हिला स्वतःला ओढून काढता येईल असं काहीतरी करा. डॉक्टर म्हणालेत, चालवून दाखवा, मग विकत नाही."

"काही करू नगा," मावशी म्हणाल्या. "जीप गेली म्हंजी पोरगी एका जागी बसंल. बसूनबी पुण्यच लागतं."

"जे दवाखान्यापर्यंत येतात त्यांचं होईल, आई. ज्यांना येता येत नाही त्यांचं?"

"त्यांच्यापायी तू चिखलात ऱ्हायलीस तर मी कुणाला टोचायला सांगू?"

रात्रीच्या जेवणानंतर आप्पा मला एवढेच म्हणाले, "तिला जाऊ नको म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही, बाई. परतीची वाट तेवढी करून देता येईल."

त्यांनी जीपच्या तोंडाशी विंच बसवायला घेतले. विंच म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारे रीळ. दोराचे टोक पुढच्या झाडाला बांधायचे, रीळ फिरवायचे, आणि गाडी आपणच आपल्याला झाडाकडे ओढून नेते. बबन त्याला शेवटपर्यंत रहाट म्हणत असे. रीळ आणि त्याची दातेरी चाके मोडबाजारातून आली. ते फिरवायला आप्पांनी लॉरीचा जुना स्टार्टर घेतला, म्हणजे लॉरीचे इंजिन सुरू करण्यासाठी जी जोरकस मोटर असते ती. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत अंगठ्याएवढी जाड तार ओढली आणि मध्ये पायाने दाबायचा स्विच बसवला. स्टार्टर फार वेळ चालवला तर जळतो, म्हणून बबनला नियम घालून दिला: प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईतो ओढायचे, आणि तेवढाच वेळ थांबायचे.

"ती मला येत न्हाई, आप्पा. मारुतीचं स्तोत्र चालंल का?"

"चालेल. पण थांबताना पुरतं म्हणायचं. गाळायचं न्हाई."

सगळे सुटे भाग जोडण्यापूर्वी आप्पांनी त्यांना तांबडा रंग दिला. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. स्टार्टरचे अंग, तो ज्यावर बसायचा ती लोखंडी बैठक, जीपच्या सांगाड्याचा पुढचा भाग, बोल्टांखालचे वायसरसुद्धा. चिखलात काम करणारे यंत्र आहे, गंजाला फट ठेवायची नाही, असे त्यांचे म्हणणे. काम देखणे झाले होते.

शनिवारी डॉक्टर शिरूरहून आले. सोमवारी त्यांना जीपनेच पुण्याला जायचे होते. तिथे एक व्यापारी ती पाहणार होता. भीमेच्या काठच्या गाळात जीप मुद्दाम रुतवली, दोर बाभळीला बांधला, आणि बबनने स्विच दाबला. स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. पुन्हा दाबला. या वेळी कण्हलाही नाही.

आप्पांनी खिशातून तपासदिवा काढला. हा त्यांचा रेल्वेपासूनचा सोबती: एक लहान बल्ब आणि त्याला दोन तारा. एक तार त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी वाटेतल्या एकेका जोडाला टेकवत गेले. स्विचच्या अलीकडे दिवा लागला, पलीकडे लागला, स्टार्टरच्या टोकाशीही लागला.

"वीज इथवर येते आहे, साहेब," आप्पा म्हणाले.

"येत असेल," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "गाडी मात्र येत नाही."

जीप बैलांनी बाहेर काढली. डॉक्टर पाळकांकडे उतरले. सोमवारी सकाळी न्याहारी झाली की निघू, असे त्यांनी बबनला सांगितले. मावशींनी त्या रात्री गोडाचा सांजा केला. कशासाठी, हे कोणी विचारले नाही. मार्थाने तो खाल्ला नाही.

दुसरा दिवस रविवार. उपासनेहून परतल्यावर आप्पा हात पाठीमागे बांधून जीपभोवती फिरत राहिले. मग त्यांनी आम्हाला अंगणात बोलावले. बबन बॅटरी झाला, मी जाड तार, मार्था स्विच. स्टार्टरला माणूस कमी पडत होता.

"तू ये," आप्पा मावशींना म्हणाले.

"मला न्हाई यायचं तुमच्या खेळात."

"नुसतं उभं ऱ्हायचं हाय."

मावशी चर्चचे पांढरे लुगडे नेसूनच येऊन उभ्या राहिल्या. बबनने खडा मला दिला, मी मार्थाला, मार्थाने स्विच दाबल्यासारखे करून आईला. मावशींनी तो हातात धरला.

"घेतला. आता कुणाला देऊ?"

"बॉडीला," आप्पा म्हणाले.

"बॉडी कोण हाय?"

"बॉडी म्हंजी जीपचं अंग. तिला माणूस लागत न्हाई. ती असतीच."

"असतीच म्हंजी कुठं हाय? मी किती येळ दगूड धरून उभी ऱ्हाऊ?"

"आन् मला माघारी यायला पायजे नव्हं तो?" बबन म्हणाला. "मी आपला रिकामाच हाय मघापासनं."

आप्पा वळून जीपकडे गेले, वाकले, आणि स्टार्टर सांगाड्यावर जिथे बसवला होता ती फट पाहत राहिले. हात अजून पाठीमागेच होते.

"रंग," ते म्हणाले.

या एका शब्दाचा उलगडा असा. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक येणारी आणि एक जाणारी. मोटारगाडीत येणारी तेवढी तार असते. जाणाऱ्या तारेचे काम गाडीचे लोखंडी अंगच करते. स्टार्टरमध्ये शिरलेली वीज त्याच्या अंगातून बैठकीत, बैठकीतून सांगाड्यात आणि सांगाड्यातून बॅटरीत परतते. यासाठी लोखंडाला लोखंड भिडलेले हवे. आप्पांनी मध्ये रंगाचे तीन-तीन हात दिले होते, आणि रंग जसा गंजाला अडवतो तसा विजेलाही अडवतो. बोल्टांच्या आट्यांतून थोडी वीज झिरपत होती, तीही न पुरण्याइतकी. कोथिंबिरीच्या वाफ्याला झिरपणारे पाणी चालते. उसाला पाटच लागतो. शिवाय तपासदिव्याची एक तार आप्पा दर वेळी थेट बॅटरीलाच लावत होते. त्यामुळे जाण्याची वाट त्यांनी पुन्हापुन्हा तपासली. परतीची एकदाही तपासली नाही. अख्ख्या गावाला तिच्याविषयी विचारणाऱ्या माणसाने ती आपल्याच कुंचल्याने बुजवली होती.

"म्हंजी," मावशी सावकाश म्हणाल्या, "माझ्या बोलण्यावरनं सापडलं?"

"तुझ्याच," मार्था हसू दाबत म्हणाली.

मावशींनी खडा उंबऱ्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या.

"खरवडू या मग," बबन बाह्या सरसावून म्हणाला.

"आज रविवार हाय."

"आन् उद्या सायेब गाडी घिऊन गेलं म्हंजी?"

"तर जाईल."

"तुम्ही नगा हात लावू. मी लावतो की. मी कुठं किरिस्ताव हाय?"

"जीप दवाखान्याची हाय," आप्पा म्हणाले. "तिलाबी रविवार हाय."

मार्थाने आग्रह धरला नाही; वडिलांना ती ओळखत होती. त्या दिवशी आप्पा संध्याकाळपर्यंत फाटकापासून जीपपर्यंत आणि जीपपासून फाटकापर्यंत येरझारा घालत होते. एकदा थांबून त्यांनी नखाने स्टार्टरवरचा रंग टोकरून पाहिला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

सोमवारी तांबडे फुटताच ते हत्यारांची पेटी उपसू लागले. कानस सापडेना. सगळी पेटी जमिनीवर आली, तरी सापडेना. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. ताटलीत कपाशेजारी फडक्यात गुंडाळलेली कानस होती. ती आदल्या दिवशी त्यांनी कुठे नेली होती आणि का, हे आप्पांनी विचारले नाही. ते नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले.

"चा निवतोय," मावशी म्हणाल्या.

रंगाला हात लावण्याआधी आप्पांनी मला बोलावले. तपासदिव्याची एक तार त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाला धरली आणि दुसरी, या खेपेला, स्टार्टरच्या अंगावर, जिथे रंग टोकरला होता तिथे. बबनने स्विच दाबला. दिवा लागला. परतीची वाट मोकळी असती, तर तो लागायला नको होता. वीज दिव्याच्या आडवाटेला वळलीच नसती.

"नको तिथं दिवा लागला, बाई. बघून ठेवा. मुलींना दाखवा."

मी पुढे अनेक वर्षे दाखवला.

मग त्यांनी स्टार्टर उतरवला आणि बैठकीचा, सांगाड्याचा, वायसरांचा रंग कानशीने घासून काढला. लोखंड चांदीसारखे निघाले. सगळे पुन्हा आवळून झाल्यावरच वरून ग्रीस फासले. आधी जोड, मग लेप, हा क्रम त्यांनी दोनदा मोठ्याने म्हटला. आम्हाला सांगत होते की स्वतःला, ते कळले नाही.

डॉक्टर आले तेव्हा दोराचे टोक फाटकाच्या खांबाला बांधलेले होते. तो खांब म्हणजे जमिनीत पुरलेला रुळाचा तुकडा. जीपचा हातब्रेक ओढलेला, चाकांखाली धोंडे. बबनने स्विच दाबला. स्टार्टर कण्हला नाही, गर्जला. दोर ताणला, धोंडे करकरले, आणि जीप ते ढकलत खांबाकडे सरकू लागली. बबनचे ओठ हलत होते. स्तोत्र संपले तसा त्याने पाय उचलला.

डॉक्टरांनी वाकून दोर पाहिला, मग घड्याळ पाहिले. "म्हणजे मला आता पुण्याला रेल्वेनेच जावे लागणार," ते म्हणाले आणि पिशवी उचलून स्टेशनकडे चालू लागले.

मार्था त्याच दुपारी शिरूरला निघाली. "येते," ती म्हणाली. आप्पांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि काही दिवसांनी जीप दौंडला आली. मार्था आत जेवत होती. बबन अंगणात आप्पांना सांगत होता, की तिकडे चाके पार बुडाली होती, बाभळ लांब होती, स्तोत्र किती वेळा झाले ते त्यालाच आठवत नव्हते, पण सिस्टर वेळेवर पोचल्या आणि पोर रडले. मावशी जीपपाशी उभ्या होत्या. विंचच्या दोराला काळी माती वाळून बसली होती. त्या तो रिळावरून सोडवत, बोटांतून सरकवत होत्या. चिखल कुठवर होता ते पाहत होत्या. माती संपली त्या जागी त्या थांबल्या.

"पाण्यानं धुऊ नगंस," आप्पा म्हणाले. "तेल लावायचं हाय त्याला."

"लावा तुमचं तेल. बघू तर द्या."

त्या नाताळच्या आधी आप्पांनी रंगाचा डबा उघडला आणि फाटकाचा जुना रंग खरवडून तिथूनच सुरुवात केली. मी खिडकीत वह्या तपासत होते. खालून वर रंगवत ते बिजागरीपाशी आले, तशा मावशी घरातून निघाल्या, फाटकापाशी गेल्या, आणि बिजागरीशेजारच्या उघड्या लोखंडावर त्यांनी तळहात टेकवला.

"इथं नगं," त्या म्हणाल्या.

फाटकातून वीज जात नव्हती, जाण्याचे कारणही नव्हते. हे त्या दोघांपैकी एकाला तरी पक्के ठाऊक होते. आप्पा क्षणभर कुंचला धरून उभे राहिले. मग त्यांनी बोटांच्या कडेकडेने रंग द्यायला सुरुवात केली, सावकाश, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

मावशींनी हात काढला तेव्हा त्यांच्या पाचही बोटांच्या कडा तांबड्या झाल्या होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला.

"फासलंत शेवटी," त्या म्हणाल्या.